सुमित्राबाईंचा ठिपका

पवनीत मला कोणी तेजराम सर म्हणतं, कोणी 'ते चिडके सर' म्हणतं. दोन्ही बरोबर आहे. बत्तीस वर्षं मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवलं आणि त्यातली निम्मी ओरडण्यात घालवली. माझं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा मी कोष्ट्यांच्या गल्लीच्या टोकाला घर बांधलं. शेजार मिळाला मोतीलाल आणि सुमित्राबाई हेडाऊ यांचा. आमच्या दोन अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. तिच्यावरून भाजीची वाटी जाते, वर्तमानपत्र जातं, आणि माझा आवाज तर न विचारताच जातो. हे लिहितो आहे ते सुमित्राबाईंबद्दल. त्यांचं मी एकदा मोठं नुकसान केलं, माझ्या जिभेनं केलं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाला मी फार शहाणा वाटायला नको.

मोतीलाल विणायचा आणि सुमित्राबाई जोडायच्या. हे जोडणं काय असतं ते सांगायला हवं. हातमागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, विणून संपत आला की शेवटचं वीतभर टोक मागावरच ठेवतात. नव्या ताण्याचा एकेक धागा या जुन्या टोकाला पीळ देऊन जोडायचा. पातळाच्या रुंदीला अडीच हजारांवर धागे असतात. डाव्या काठापासून सुरुवात करायची. जुना एक, नवा एक, राखेत बोट बुडवून पीळ, की पुढचा. सबंध दिवस जातो, कधी दीड. त्यात एक धागा जरी निसटला तरी पुढचे सगळे एकेकानं सरकतात, आणि शेवटी उजव्या काठाशी एक धागा हातात उरतो.

तो उरलेला धागा हळूच कापून टाकणारे लोक असतात. गल्लीतला टेकचंद त्यातला. तरुणपणी त्यानं एकदा असाच कापला आणि सुमित्राबाईंनी तो केरात पाहिला. "टेकचंद, उरला त्याच्यात चूक नसते बाप्पा. चूक मागं असते," म्हणाल्या आणि त्याच्याच मागावर बसून, मागे मागे जात, नऊशे धागे सोडवून चूक काढली. मग तेवढे पुन्हा जोडत आणले. टेकचंदची बायको मधे तीनदा चहा घेऊन आली, तिन्ही वेळा तो थंड झाला. टेकचंद अजून सांगतो की त्यापेक्षा बाईनं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मोतीलाल अठरा साली गेला. छातीत दुखतं म्हणाला आणि भंडाऱ्याला पोचेपर्यंतही थांबला नाही. त्याचा माग बंद पडला, पण बाईंची बोटं बंद पडली नाहीत. गल्लीत पाच माग उरले होते आणि पाचही घरी ताणा जोडायला त्याच जायच्या. जोडून झालं की उजव्या काठाशी रिकामा हात दाखवायच्या, काही उरलं नाही म्हणून. त्या वेळी त्यांच्या तोंडावर जे समाधान असायचं, ते मी बोर्डात आलेल्या पोरांच्या तोंडावरही पाहिलेलं नाही.

रेणू त्यांची एकुलती एक लेक आणि माझी विद्यार्थिनी. हुशार पोरं मी पुष्कळ पाहिली, पण रेणू चिवट होती. एक गणित सुटलं नाही तर दुसऱ्याला हात लावायची नाही, मग तास संपो की शाळा. नागपूरला एम.एस्सी., पुण्याला पीएच.डी., आणि तिथंच एका संस्थेत तीन वर्षांची संशोधकाची जागा, असं ती चढत गेली. विषय होता फुटणारे तारे. मोठा तारा आयुष्याच्या शेवटी फुटतो आणि काही आठवडे आपल्या अख्ख्या दीर्घिकेएवढा उजळतो. त्यालाच सुपरनोव्हा म्हणतात. गल्लीत मात्र रेणू पुण्यात 'फटाक्याचं काहीतरी' शिकते असं सांगितलं जाई. मी दुरुस्त करून करून थकलो.

वीस सालच्या मार्चमध्ये ती दहा दिवसांसाठी घरी आली आणि टाळेबंदीत आठ महिने अडकली. सूत यायचं थांबलं, त्यामुळे पाचही माग थांबले. मोबाइलचं नेट फक्त मागाच्या खोलीतल्या, माझ्या अंगणाकडच्या खिडकीत यायचं, म्हणून रेणू तिथं लॅपटॉप घेऊन बसायची आणि आई तिच्याभोवती घिरट्या घालायची. चाळीस वर्षं जिचे हात कामात होते, तिनं आता त्या हातांचं करायचं काय?

एका दुपारी त्यांनी विचारलंच. "काय करून राहिली तू दिवसभर? नुसत्या टिकल्याच टिकल्या तर दिसतेत."

"एक तारा फुटला आई. जूनमधी दिसला," रेणू म्हणाली. "फुटाच्या आधी तो कोनता होता, कसा होता, ते शोधून राहिली."

"फुटला तो फुटला. आता कसा सापडन?"

"त्या जागेचा जुना फोटो आहे ना. हबल नावाची दुर्बीन वर अवकाशात फिरते. तिनं सोळा वर्सं आधी काढला होता, दुसऱ्याच कामासाठी. त्याच्यात तो जित्ता असन. आता फुटल्यावरचा फोटो आला. हा नवा फोटो जुन्यावर बरोबर बसवाचा, आन् स्फोटाच्या जागेखाली कोन येते ते पाहाचं."

तेवढ्यात मी भिंतीवरून सांगितलं की जमिनीवरून पाहिलं तर हवेमुळे तारे थरथरतात, एकात एक मिसळतात, त्यामुळे इतक्या दूरच्या दीर्घिकेतला एकटा तारा निवडायचा तर दुर्बीण हवेच्या वरच हवी. मला कोणी विचारलं नव्हतं. दोघी मायलेकींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा आपलं बोलणं सुरू केलं.

"पन तुले सापडला तोच गेला, हे कायवरून?" सुमित्राबाईंनी विचारलं.

रेणू खुर्चीत वळून बसली. विद्यार्थ्यानं चांगला प्रश्न विचारला की मास्तर जसा वळतो तशी. "आत्ता नाही सांगता येत. स्फोटाचा उजेड एवढा आहे का त्याच्याखाली तारा उरला का गेला, दिसतच नाही. चार-पाच वर्सं थांबाचं. उजेड विझला का पुन्हा फोटो काढाचा. जो तिथं नसन, तोच गेला."

सुमित्राबाईंनी बंद मागावरची धूळ पदरानं पुसली. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. तुह्या बाबाच्या वक्ती बी तेरा दिवस घर भरलं होतं. सारे गेले, तवा समजलं कोन नाही ते."

रेणूचा हात लॅपटॉपवर तसाच राहिला. मी वर्तमानपत्राची पानं उगाच उलटली. मोतीलाल गेल्याला दोन वर्षं होत आली होती आणि त्या बाईनं त्याच्याबद्दल एवढं एक वाक्य तोवर कोणाजवळ उच्चारलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात रेणूचं काम होत आलं. दोन्ही फोटोंमध्ये सारखेच असलेले तारे जोडीजोडीनं निवडायचे आणि त्या जोड्यांच्या आधारानं एक फोटो दुसऱ्यावर बसवायचा, अशी रीत. जोड्या तिच्या प्रोग्रामनं लावल्या होत्या, बेचाळीस. स्फोटाची जागा जुन्या फोटोत एका ठळक लाल ताऱ्यावर आली. फुगलेला, म्हातारा, फुटायला अगदी तयार, पुस्तकात वर्णन असतं तसा. रेणूला तीन दिवस भूक नव्हती. परदेशातला एक मोठा गटही त्याच ताऱ्याच्या मागे होता आणि जो आधी जाहीर करेल त्याचं नाव होणार होतं. शेवटचं डोळ्यांनी तपासावं म्हणून ती झेरॉक्सवाल्याकडून दोन्ही फोटो मोठ्या कागदांवर छापून घेऊन आली. आकाश पांढरं, ठळक तेवढे तारे काळे, आणि प्रत्येक जोडीवर आकडा. कागद मागाच्या खोलीत पसरून ती आंघोळीला गेली.

ती परत आली तेव्हा आई चटई टाकून, पेन्सिल घेऊन कागदांवर बसलेली. डाव्या काठापासून. इकडचा एक, तिकडचा एक, खूण. रेणूला हसू आलं. आईला हाताला काम मिळालं म्हणून तिनं बसू दिलं.

संध्याकाळी दिवे लागायच्या आधी सुमित्राबाई म्हणाल्या, "एक उरला."

"कुठं?"

"हा. जुन्यातला. बाकीच्यासारखाच आहे, पन याले आकडा नाही, जोडीदार नाही."

रेणूनं वाकून पाहिलं. "तो डाग असन आई. कॅमेऱ्यावर असे डाग पडतेत."

"असन. पन मी मागं जाते."

"आई, हे पातळ नाही," रेणू जरा चिडून म्हणाली. मीही भिंतीवरून भर घातली, "वहिनी, कॉम्प्युटरचं काम आहे, राहू द्या." विज्ञानाचा मास्तर, बत्तीस वर्षांचा अनुभव, आणि बोललो काय, तर हे.

त्या मागे गेल्या. एकेक जोडी सोडवत गेल्या. तो उरलेला तारा धरून सात तारे दाटीनं एका ओळीत होते, त्यातला तो शेवटचा. नव्या फोटोत ओळीत सहाच होते. सुमित्राबाईंनी पेन्सिलचं टोक पहिल्यावर ठेवलं. "हा इथं निसटला. हा दिसतच नाही नव्यात, आन् तुह्या मशीननं दुसऱ्याले पहिला समजून सारी ओळ सरकवली."

रेणू खाली बसली. तारे काही सारखे जळणारे दिवे नाहीत, काही मधूनमधून मंद पडतात. ओळीतला पहिला तारा तसाच मंद पडून नव्या फोटोत दिसेनासा झाला होता. प्रोग्रामनं ओळ एकानं सरकवून जोडली होती, आणि त्या सहा चुकीच्या जोड्यांनी अख्खा फोटो केसभर ओढला होता. रेणूनं जोड्या सुधारल्या. स्फोटाची जागा दीड पिक्सेलनं बाजूला गेली. तेवढंच, पण तो देखणा लाल तारा स्फोटाच्या जागेभोवती आखलेल्या वर्तुळाच्या बाहेर पडला. आत उरला एक फिकट ठिपका, कागदावर न उमटणारा, असून नसल्यासारखा.

रेणू त्या संध्याकाळी रडली. "लालच असता तर किती बरं झालं असतं आई."

"मंग मी सांगाचं नव्हतं का?"

"नाही. सांगितलं ते बरं केलं," असं म्हणून तिनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं.

दोन दिवसांनी परदेशातल्या गटानं लाल तारा जाहीर केला. फुटला तो हाच, म्हणाले. चार दिवसांनी रेणूनं आपल्या नावानं लिहिलं की फुटला तो लाल नव्हे, शेजारचा फिकट ठिपका. जगात असं म्हणणारी ती एकटी. पुण्यातल्या तिच्या वरिष्ठांनी विचारलं की हा ठिपका खरा तारा आहे की नुसती फोटोतली खरखर. पवनीत मात्र मी कौतुकानं त्याला 'सुमित्राबाईंचा ठिपका' म्हणू लागलो आणि गल्लीत तेच नाव पडलं. बाई लाजायच्या, पण त्यांना आवडायचं. सूत सुरू झाल्यावर टेकचंदकडे ताणा जोडताना त्यांनी त्याला तासभर तारे समजावून सांगितले. टेकचंदनं मान हलवली. दुसरं तो करणार काय?

बावीस साली रेणूच्या जागेची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. कारण कोणी लिहून देत नाही. पण मुलाखतीत पहिला प्रश्न त्या ठिपक्याचा होता आणि शेवटचाही त्याचाच, असं तिनं मला फोनवर सांगितलं. आईला यातलं काही कळू देऊ नका, असं बजावलं. ती नागपूरच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवू लागली आणि आईला म्हणाली, "तुह्याजवळ राहावं म्हणून आली." महिन्यातून दोनदा ती पवनीला येई. सुमित्राबाई खूश होत्या.

त्या वर्षी दिवाळीनंतर, मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेच्या, दिवशी, माझं डोकं सकाळपासूनच फिरलेलं होतं. कशावरून ते आता आठवतही नाही. सुमित्राबाई भिंतीवरून करंज्यांची वाटी देत म्हणाल्या, "बरं झालं सर, पोरगी जवळ आली. पुन्यात का ठेवलं होतं?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी म्हणालो, "जवळ आली? तुमच्या त्या ठिपक्यापायी जागा गेली तिची. लाल म्हणाली असती तर आज पुण्यात पक्की झाली असती."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. वाटी भिंतीवर ठेवली, नीट ठेवली, आणि आत गेल्या. मी ती वाटी संध्याकाळपर्यंत उचलू शकलो नाही. मुंग्या लागल्या.

त्यानंतर टेकचंदचा ताणा आला तेव्हा सुमित्राबाईंनी नाही म्हटलं. डोळ्यांनी दिसत नाही म्हणाल्या. दुसऱ्या घरीही नाही, तिसऱ्या घरीही नाही. टेकचंद अड्याळहून जोडणारी आणायचा, ती तिच्या सवडीनं यायची, ताणा आठ-आठ दिवस पडून राहायचा. वर्षभरात पाचाचे तीन माग झाले. बाई घरात बसून तांदूळ निवडायच्या. निवडलेले पुन्हा निवडायच्या.

मी काय केलं? त्याच हिवाळ्यात मला वाटलं खरंच डोळे गेले. मी त्यांना एस.टी.त बसवून भंडाऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं सगळी अक्षरं वाचून घेतली, शेवटची बारीक ओळसुद्धा, आणि म्हणाला, "आजी, ही नजर माझ्यापेक्षा चांगली आहे." बाहेर आल्यावर मी त्यांच्यावरच ओरडलो. एवढी चांगली नजर असून खोटं कायले बोलता म्हणून.

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या होत्या. बाहेर धानाच्या बांध्या कापून झाल्या होत्या. माझ्याकडे न पाहता त्या म्हणाल्या, "सर, डोळ्यानं नाही जोडत मी. भरोशानं जोडते. तो गेला माह्यावरचा."

मी म्हणालो, "वहिनी, विज्ञानात असं असते. चूक का बरोबर, अजून ठरलं कुठं?"

"लोकाच्या ताण्यात चुकली असती, तर उसवून देल्लं असतं," त्या म्हणाल्या. "पोरीचं कसं उसवू?"

इतकी वर्षं मी पोरांना सांगत आलो की उत्तर येत नसेल तर उभं राहून 'येत नाही' म्हणावं. मी बसूनच होतो.

घरी येऊन मी रेणूला फोन केला आणि सगळं कबूल केलं. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती फक्त "बरं" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी आली. आईला तिनं परोपरीनं समजावलं, जागा अशाच जातात, पुन्हा मिळतात, तुह्या हातात काही नव्हतं. सुमित्राबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तो ठिपका तिथं नसन, तर मी बरोबर. तिथंच असन, तर मी तुह्यी भाकर मोडली. उजेड विझन तवा पाहू." आणि तांदूळ निवडायचं सूप पुढे ओढलं.

तेव्हापासून रेणू आली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "विझला का?" रेणू म्हणायची, "नाही अजून." मग जेवायला वाढायच्या. असं एक वर्ष, दोन वर्षं, तीन. दुर्बिणीचा वेळ मागायला रेणूनं दोनदा अर्ज केला आणि दोन्ही वेळा नाही आलं. तासिकेवरच्या मास्तरणीचा एका फिकट ठिपक्यासाठी अर्ज, कोण मान्य करणार? मग गेल्या वर्षी कळलं की भलत्याच कोणीतरी, भलत्याच कामासाठी, त्याच दीर्घिकेचा फोटो मागितला आहे, आणि तो निघाल्याबरोबर सगळ्यांना खुला होणार आहे.

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी रेणू भिवापूरच्या बसनं उतरली. खांद्यावर लॅपटॉप, हातात कागदांची गुंडाळी. मला तिनं भिंतीवरून हाक मारली, "सर, या." मी गेलो आणि मागाच्या खोलीच्या दारात उभा राहिलो.

तिनं दोन्ही कागद जमिनीवर पसरले, जुना आणि नवा. एकावरही आकडा नव्हता.

"विझला?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"विझला."

"मंग? आहे का नाही तो?"

"मी नाही पाहिलं आई. जोड्या नाही लावल्या, जागा नाही काढली. तू जोड."

सुमित्राबाई मागे सरकल्या. "मी नाही. तुह्या मशीनले लाव."

"मशीन मागच्या वक्ती चुकली होती."

"मी बी चुकली असन."

"असन," रेणू म्हणाली. "पन तू जोडशीन तवाच पाहीन मी. नाही तर राहू दे तसंच." आणि ती भिंतीला टेकून बसली. पाय लांब केले, डोळे मिटले. मी सांगितलंच आहे, चिवट आहे.

मला ओरडावंसं वाटलं. दोन मिनिटांचं काम, उत्तर त्या डब्यात पडलेलं, आणि या मायलेकी एकमेकींसमोर बसून. पण भिंतीवरची ती करंज्यांची वाटी डोळ्यांपुढे आली आणि मी दात दाबून उभा राहिलो. अंगणात ऊन सरकून तुळशीच्या पलीकडे गेलं. कोणी उठेना.

मग सुमित्राबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. कागद ओढून डाव्या काठाशी बसल्या. पहिल्या जोडीवर पेन्सिलची खूण वाकडी आली. इकडचा एक, तिकडचा एक. दहा-बारा झाल्यावर खुणा सरळ येऊ लागल्या. ती सात ताऱ्यांची ओळ आली तिथं त्या फार वेळ होत्या. या खेपेला पहिला तारा दिसत होता, पुन्हा उजळला होता. त्याच्याकडे पाहून त्या एवढंच म्हणाल्या, "आला का रे? तूच कारन सगळ्याचं." मग पुढे. दीड तास लागला. उजव्या काठाशी पोचल्या तेव्हा त्यांनी दोन्ही कागदांवरून हात फिरवला. काही उरलं नव्हतं.

रेणूनं त्या जोड्या लॅपटॉपमध्ये भरल्या. नव्या फोटोत ती जागा काढली, मोठी केली. मी दारातून दोन पावलं आत आलो.

"पयले लाल सांग," सुमित्राबाई म्हणाल्या.

"लाल आहे. जसाच्या तसा. फुटला नाही तो."

"आन् आपला?"

रेणूनं ती जागा आणखी मोठी केली. तिचा आवाज आला तेव्हा अगदी लहान होता. "नाही आई."

"नीट पाह."

"नीटच पाहून राहिली. कोरी जागा आहे. तोच गेला."

सुमित्राबाईंनी तोंडाला पदर लावला आणि त्या रडल्या. तीन वर्षांत, पोरीची जागा गेल्याचं कळलं तेव्हाही, त्या रडल्या नव्हत्या. रेणूनं त्यांना कवेत घेतलं आणि तीही रडली. मी छताकडे पाहिलं. माझेही डोळे भरले होते हे लिहायला आता मला लाज वाटत नाही. यापुढे रेणूला पुण्यात जागा मिळेल की नाही, परदेशातली माणसं काय म्हणतील, हे त्या घटकेला तिघांपैकी कोणालाही सुचलं नाही.

थोड्या वेळानं बाई उठल्या. न्हाणीत जाऊन तोंड धुतलं, केस सारखे केले. "टेकचंदचा ताना शुक्रवारपासून पडला आहे. सांजपर्यंत काठ तरी लावून देते," म्हणाल्या, जशा काही कालच तिथून उठून आल्या होत्या. मी पेढे आणायला म्हणून अंगणात चपला शोधत होतो. त्या माझ्या पुढून दारापर्यंत गेल्या आणि पायरीवर थांबल्या.

"रेणू, नाव काय होतं त्याचं?"

"कोनाचं?" रेणूनं आतून विचारलं.

"गेला त्याचं."

रेणू दारात आली. "नाव नव्हतं आई. एक नंबर देल्ला होता आम्ही."

सुमित्राबाई एक पाय चपलेत घालून तशाच उभ्या राहिल्या.

"तीन वर्सं देवाले रोज मांगलं, का तो मेलेला निघू दे," त्या म्हणाल्या. "आन् त्याचं नाव काय म्हनून एक डाव इचारलं नाही."